पगाराआधीचं डिपॉझिट

महिन्याचं भाडं साडेचार हजार आणि डिपॉझिट तीस हजार. आचऱ्यातल्या घराचा हा आकडा मी पहिल्यांदा फोनवर ऐकला तेव्हा शाळेत रुजू होऊन मला काही आठवडेच झाले होते आणि पगाराचा एक रुपयाही हातात आलेला नव्हता. पुढे कधी येणार, हेही कुणी सांगू शकत नव्हतं.

मी लातूर जिल्ह्यातली, अहमदपूर तालुक्यातली. 2024च्या मार्चमध्ये पवित्र पोर्टलवरच्या भरतीतून शिक्षणसेविका म्हणून निवड झाली आणि जिल्हा मिळाला सिंधुदुर्ग. शाळा मिळाली मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या हद्दीला लागून. त्याआधी मी समुद्र पाहिला नव्हता. घरच्यांना आनंद झाला होता तो नोकरीचा. इतकी वर्षं डी.एड. होऊन, टीईटी पास होऊन, टेट या अभियोग्यता चाचणीचे गुण घेऊन भरतीची वाट पाहण्यात गेली होती. जिल्हा कुठलाही चालणार होता.

शिक्षणसेवकाचं मानधन सोळा हजार. 2023च्या आधी ते सहा हजार होतं, म्हणून सोळा हजार ही आमच्या पिढीला मोठी वाढ वाटते, आणि ती आहेच. पण हे मानधन ठोक असतं. त्यात महागाई भत्ता नाही, घरभाडे भत्ता नाही. तीन वर्षं अशीच काढायची, मग नियमित वेतनश्रेणी. दुसरीकडे शिक्षकाने मुख्यालयी राहावं असा नियम आहे. मुख्यालयी राहतो याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव लागेल असा शासन निर्णय 2019मध्ये निघाला. म्हणजे शाळेजवळ राहायचं, पण त्या राहण्यासाठी तीन वर्षं वेगळा पैसा मिळणार नाही. आणि नव्याने लागलेल्या माणसाचा पगार लगेच निघत नाही. आधी शालार्थ प्रणालीत नाव चढावं लागतं, आयडी तयार व्हावा लागतो, त्यासाठी कागदपत्रांची पडताळणी, मंजुरी, पुन्हा एखादा कागद कमी असल्याचा निरोप. हे सगळं होईपर्यंत आपण रोज वर्गावर जातो, हजेरीपटावर सही करतो, आणि महिनाअखेरीला खात्यात काही जमा होत नाही. माझ्याबरोबर लागलेल्या बहुतेकांची हीच कथा होती.

आम्ही तिघी होतो. एक नांदेडची, एक धाराशिवची आणि मी. शाळा वेगवेगळ्या, पण आचरा तिठ्यावरून तिघींनाही सोयीच्या. रुजू झाल्यावर सुरुवातीचे दिवस आम्ही एका होमस्टेच्या खोलीत काढले. मालकीण चांगली होती. मार्चमध्ये पर्यटक कमी म्हणून तिने आम्हाला महिन्याच्या हिशेबाने खोली दिली, पण एप्रिलच्या मध्याला सोडावी लागेल हे पहिल्याच दिवशी सांगितलं. मे महिन्याच्या सीझनमध्ये तीच खोली एका रात्रीला जे पैसे आणते, ते आम्ही आठवडाभर राहून देऊ शकत नव्हतो. त्यात तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. 1997मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, मालवण इथे जे झालं ते हळूहळू किनाऱ्याने वर सरकत आचऱ्यापर्यंत आलं आहे. ज्या घरात चार खोल्या नीट आहेत, ते घर आता पर्यटकाचं. महिन्याच्या भाड्याने राहणाऱ्या बाईसाठी त्यात जागा उरत नाही.

कणकवलीला राहून जाऊन-येऊन करण्याचाही विचार केला. बायकांना एसटीचं तिकीट निम्मं, त्यामुळे परवडलंही असतं. पण सव्वा तासाचा रस्ता, सकाळची शाळा आणि पावसाळ्यातले दिवस डोळ्यांसमोर आणले तेव्हा तो बेत सोडला.

मग घर शोधायला निघालो. आचऱ्यात पहिल्यांदा फिरणाऱ्या माणसाला वाटेल की इथे घरांना काय तोटा. वाडीवाडीत बंद घरं आहेत. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे खळं, खळ्यात तुळस, आणि दाराला कुलूप. कुलपावर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली असते, पावसाने गंजू नये म्हणून. खळ्यात आंब्याफणसाचा पाचोळा साचलेला असतो, पण तुळशीला मात्र कुणीतरी पाणी घातलेलं दिसतं. शेजारच्या घरातली कुणीतरी घालते. आमच्याकडे लातूरला भूकंपानंतरच्या जुन्या गावठाणात पडकी घरं पाहिलेली होती, पण अशी धडधाकट, रंग दिलेली, वर्षातले अकरा महिने बंद असलेली घरं मी पाहिली नव्हती.

ज्यांच्याशी बोललो त्या प्रत्येकाचं उत्तर साधारण एकच. एक काकी म्हणाल्या, "घरां आसत रग्गड, पण उघडतलो कोण?" पुढे महिनाभर आम्ही त्या प्रश्नाचं उत्तरच शोधत होतो. घर आजोबांच्या नावावर असतं. घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते, विजेचं बिलही. आजोबांना चार मुलगे, त्यातले दोन वारलेले, त्यांची मुलं परळला, डोंबिवलीला, विरारला. भाड्याने द्यायचं तर सगळ्यांचा होकार हवा आणि एकाने जरी नको म्हटलं तर विषय संपला. दुसरं कारण चतुर्थी. गणपतीला सगळं कुटुंब येणार, तेव्हा घर मोकळं पाहिजे. तिसरं कारण मला समजायला वेळ लागला. लोक म्हणायचे, "उद्या कूळ लागला तर?" 1948चा कूळ कायदा आणि 1957च्या एक एप्रिलचा कृषक दिन शेतजमिनीपुरता, राहत्या घरात भाड्याने राहणाऱ्या शिक्षिकेचा त्याच्याशी काही संबंध नाही. पण कोकणात ज्यांच्या आजोबांची खंडाने लावलेली जमीन कुळाकडे गेली, त्यांच्या घरात ती गोष्ट अजून सांगितली जाते. आत घेतलेला माणूस बाहेर निघत नाही, ही भीती तिथून आलेली आहे. ती चुकीच्या जागी लागू केलेली असली तरी खरी आहे, आणि डिपॉझिटचा आकडा चढतो तो याच भीतीने.

शेवटी ज्या काकींनी 'उघडतलो कोण?' असं विचारलं होतं, त्यांच्याच शेजारचं घर मिळायची चिन्हं दिसली. त्याची किल्ली काकींकडे असायची. आठवड्यातून एकदा दार उघडायचं, झाडायचं, देवांसमोर दिवा लावायचा, हे त्या वर्षानुवर्षं करत आलेल्या. मालक मुंबईला. फोनवर ते मुंबईच्या मराठीत बोलले, नीट, अदबीने. तीन खोल्या, स्वयंपाकघर, विहिरीला पंप. भावांशी बोलून घेतो म्हणाले आणि खरंच बोलले. मग आकडा सांगितला. तीस हजार. मी म्हटलं, सर, एवढं गावात कुठे असतं? ते म्हणाले, "मॅडम, डिपॉझिट म्हणजे तुमचेच पैसे. माझ्याकडे फक्त ठेवायचे. मुंबईत मी याच्या कितीतरी पट भरलंय."

तिघींत दहा-दहा हजार येत होते. आम्ही रात्री खोलीत बसून वहीवर हिशेब मांडला आणि ठरवलं की जमेल. दोन-दोन हजार घालून सहा हजारांचं टोकन पाठवलं. उरलेले चोवीस, ते मे महिन्यात गावी येतील तेव्हा. पहिलं भाडं वेगळं.

त्यानंतर काही दिवसांतच धाराशिवच्या मैत्रिणीची तलाठी भरतीत निवड झाल्याचं कळलं. तिने तिथेच जायचं ठरवलं आणि कुणीही तेच केलं असतं. नियमित वेतन, स्वतःचा जिल्हा. आम्ही तिला मिठी मारली आणि त्याच रात्री दोघींना झोप लागली नाही. टोकन परत मिळणार नव्हतं. तिचे दोन हजार आम्हीच तिला द्यायचे होते, कारण तीही आमच्यासारखीच बिनपगारी होती. ती म्हणाली राहू द्या. आम्ही म्हटलं, पगार झाला की पहिले तुझे. आणि चोवीस हजार आता दोघींवर आले.

मी वडिलांना फोन केला. त्यांच्याकडे सोयाबीन शिल्लक होतं. दिवाळीपासून घरात ठेवलेलं, भाव चढेल या आशेने. त्या हंगामाचा हमीभाव 4,600 रुपये होता आणि बाजारात त्याच्या खालीच सौदे होत होते. वडील म्हणत होते, थोडं थांबलो तर पाच हजारांच्या पुढे जाईल. माझा फोन गेल्यावर त्यांनी तीन क्विंटल काढलं. अडत-हमाली वजा जाता जे आलं त्यातले आठ हजार मला पाठवले, बाकीचे मृगाच्या पेरणीच्या बियाण्यासाठी ठेवले. आईने बचत गटातून तीन हजार उचलले, शेकडा दोन रुपये व्याजाने. मुलीला सरकारी नोकरी लागली म्हणून वाड्यात पेढे वाटून झालेले होते. त्यानंतर दीड महिन्यात मुलीच्याच घरभाड्यासाठी गटात हात पसरावा लागला, हे आईने कुणाला सांगितलं नाही. गटाच्या वहीत कारण लिहावं लागतं, तिथे तिने 'शेती' असं लिहून घेतलं. हे मला खूप नंतर कळलं.

शिक्षकांच्या पतपेढ्या असतात, त्यातून कर्ज मिळेल असं एकाने सुचवलं. चौकशी केली. सभासद व्हायला पगारपत्रक लागतं, आणि पगारपत्रकासाठी पगार. बँकेतही तेच उत्तर. नियुक्तीचा आदेश दाखवला तर म्हणाले, तीन महिन्यांच्या स्लिपा आणा. माझ्या मते या सगळ्या रचनेत हाच सर्वांत वाईट भाग आहे. ज्याला पगार सुरू आहे त्याला दहा हजार कुणीही उसने देतं. ज्याचा पगार अडला आहे, त्याच्याकडेच एकरकमी पैसे मागितले जातात, आणि त्याच वेळी त्याच्यासाठी उसनवारीची सगळी अधिकृत दारं बंद असतात.

मधल्या काळात लोकसभेची निवडणूक आली. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान सात मेला होतं आणि आम्हा नव्या लोकांनाही ड्युटी लागली. आदल्या रात्री मतदान केंद्रावरच, वर्गातली बाकं जोडून झोपलो. मतदान संपल्यावर निवडणुकीचा भत्ता रोख हातात मिळाला. सिंधुदुर्गात आल्यापासून मी स्वतः कमावलेला तो पहिला पैसा. नांदेडच्या मैत्रिणीने आणि मी तो पाकिटातून न काढता तसाच डिपॉझिटच्या डब्यात टाकला. तो स्टीलचा डबा होता, चिवड्याचा. त्यावर तिने चिकटपट्टी लावून 'घर' असं लिहिलं होतं. तिच्या भावाने पुण्याहून जमेल तसे पाठवले होते. सगळं मोजलं तेव्हा अठरा हजार झाले. सहा हजार कमी, आणि पहिलं भाडं द्यायचंच होतं.

होमस्टेची खोली तोवर सुटली होती. मतदान होईपर्यंत शाळेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी आम्हाला त्यांच्या घरी ठेवून घेतलं. त्यांचे पती नुकतेच आजारातून उठलेले, घर लहान. आम्ही किती दिवस राहणार हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही, त्यामुळेच आम्हाला तो सारखा पडत होता.

मालक मेच्या दुसऱ्या आठवड्यात आले. साठीचे गृहस्थ, अंगात बनियन, कमरेला टॉवेल, डोक्यावर पाचोळ्याचा कचरा. आल्याआल्या घराच्या मागे चढून कौलं पाहत होते. आम्ही गेलो तेव्हा काकीही आल्या आणि खळ्याच्या कडेला बसल्या. मी खरं ते सांगितलं. तिसरी मुलगी गेली, पगार अजून नाही, अठरा हजार आहेत, सहा हजार पगार झाल्यावर देऊ.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांची अडचण सांगितली. पावसाआधी घर शाकारायचं होतं. कौलं उतरवायची, फुटलेली बदलायची, रिपा कुजल्या होत्या त्या नव्या घालायच्या, मजुरी वेगळी. भाऊ खर्चात हात घालत नव्हते. तीस हजार त्यांनी त्या हिशेबाने मागितले होते. म्हणजे 'माझ्याकडे फक्त ठेवायचे' असलेले पैसे जूनच्या आत छपरावर चढणार होते. मला तेव्हा धस्स झालं, कारण आम्ही घर सोडू तेव्हा हे परत कुठून येणार? पण त्यांनी ते लपवलं नाही, याचं मला बरं वाटलं.

काकी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "माझो झील म्हापश्याक रवता, चौगां मेळान एक खोली. तेंकाय डिपॉझिट भरुचा लागला. तेच्या धन्यान तीन हप्ते करून घेतल्यान. ह्या पोरी सरकारी नोकरीतल्या. पगार झालो की देतली. पळान खंय जातली?"

या जिल्ह्यातली मुलं कामासाठी गोव्यात जातात. म्हापसा, पणजी, वेर्णा. तिथे तीही चारपाच जणांत खोली घेतात आणि त्यांनाही हाच प्रश्न पडतो. काकींनी आमच्या जागी मुलाला पाहिलं, एवढंच. आणि त्यांच्या त्या बोलण्याने मालक मोकळे झाले. त्यांचे वडील गिरणीत होते. आचऱ्यातून मुंबईला गेले तेव्हा लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहिले. कोकणातल्या गावागावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. एका खोलीत पाळ्यापाळ्यांनी झोपणारी माणसं, भिंतीला लावलेल्या ट्रंका, महिन्याची वर्गणी, जेवण खाणावळीत. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी अंग टाकायचा. नव्याने आलेल्याकडे कुणी आधी पैसे मागत नसे, कामाला लागला की वर्गणी सुरू. गोव्याच्या लोकांचे मुंबईत गावागावांचे कुड होते, तेही याच चालीचे. स्वतःची खोली घ्यायची तर पगडी, आणि ती भरायला त्यांच्या वडिलांना किती वर्षं लागली ते मालकांनी सांगितलं. खोली झाली आणि पाठोपाठ 18 जानेवारी 1982चा संप आला. वडील गावी परतले ते याच घरात. हे सांगताना ते छपराकडेच पाहत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. सहा हजार पगार झाल्यावर. पहिलं भाडंही जूनअखेर द्या."

मी लगेच हो म्हटलं, पण कागद मागितला. मैत्रिणीने मला कोपराने ढोसलं, इतकं जमून आलेलं मोडेल म्हणून. पण पैसे छपराला जाणार असतील तर कागद हवाच, हे मला वडिलांनी बाजार समितीत शिकवलेलं होतं. पट्टी घेतल्याशिवाय माल सोडायचा नाही. मालकांना आधी राग आला. काकींनीच पुन्हा समजूत घातली. मग शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहिलं. मिळालेली रक्कम, राहिलेली रक्कम, भाडं, चतुर्थीला घर मोकळं देण्याची अट, घर सोडायच्या दोन महिने आधी कळवायचं आणि सोडताना पूर्ण डिपॉझिट परत. खाली त्यांची सही, आमच्या दोघींच्या सह्या, साक्षीदार म्हणून ज्येष्ठ बाईंची आणि काकींची. काकींनी सही करायला डोळ्यांजवळ कागद धरला आणि संपूर्ण वाचून मगच केली.

त्या कागदाची कायद्यात किती किंमत आहे, हे मी नंतर समजून घेतलं. फार नाही. नोंदणी केलेला करार वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999चा, पण तो त्याच्या परिशिष्टांत नावं दिलेल्या भागांना लागू होतो, आणि डिपॉझिट किती घ्यावं याची मर्यादा त्यातही नाही. केंद्र सरकारने 2021मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेऊ नये, असं त्यात स्पष्ट आहे. पण घरभाडं हा राज्याचा विषय; राज्य तो स्वीकारेल तेव्हाच तो लागू होणार. त्या हिशेबाने आमचं डिपॉझिट नऊ हजार झालं असतं. नऊ हजार आम्ही तिघींनी पहिल्याच आठवड्यात भरले असते. सोयाबीन घरात राहिलं असतं. आईला गटाच्या वहीत दुसरं कारण लिहावं लागलं नसतं.

घर मात्र चांगलं निघालं. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा नव्या रिपांखाली बसून आम्ही दोघी नुसत्या वर पाहत होतो. एकही थेंब आत आला नाही. पडवीला काकींनी चुडतांच्या झड्या बांधून दिल्या. मराठवाड्यात आभाळाकडे पाहून पाऊस मागणारी आम्ही माणसं. इथे चार दिवसांत कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं, वह्यांना बुरशी येते, हे सगळं नवीन होतं. पण दार आतून लावता येतं आणि उद्या कुठे जायचं हा प्रश्न नसतो, याने शाळेत माझं शिकवणं बदललं. एप्रिलमध्ये मी वर्गात उभी असायचे आणि डोक्यात आकडे असायचे. पहिलीच्या मुलांना ते कळतं. बाई आपल्याकडे पाहतायत पण बघत नाहीत, हे त्यांना बरोबर कळतं.

शालार्थचं काम जुलैत झालं आणि थकलेलं मानधन एकदम जमा झालं. त्याच संध्याकाळी मालकांना सहा हजार आणि थकलेलं भाडं पाठवलं. धाराशिवच्या मैत्रिणीला दोन हजार पाठवले, तिने पुन्हा नको म्हटलं, आम्ही पुन्हा पाठवले. आईचे गटाचे तीन हजार व्याजासकट फिटले. वडिलांचं सोयाबीन मात्र परत आणता येत नव्हतं. अर्थात भाव त्यानंतर चढलाही नाही, उलट नव्या हंगामात आणखी उतरला, असं वडीलच मला समजावत होते.

सप्टेंबरमध्ये चतुर्थीला आम्ही सामान एका खोलीत लावून गावी गेलो आणि मालकांचं सगळं कुटुंब आलं. परतलो तेव्हा स्वयंपाकघरात आमच्यासाठी झाकून ठेवलेले मोदक होते आणि त्या महिन्याचं भाडं त्यांनी निम्मंच घेतलं.

डिसेंबरात आचऱ्याची गावपळण आली. दर तीन-चार वर्षांनी श्री देव रामेश्वराच्या कौलाने सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातं. घरात कुणी थांबत नाही. गुरं, कोंबड्या, कुत्री बरोबर, बाजारपेठ बंद, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळे. आम्ही भाडेकरू, बाहेरच्या. आम्ही काय करायचं हे विचारायला गेलो तर काकींना प्रश्नच कळला नाही. त्यांनी चिंदरच्या बाजूला झोपडी घालायला घेतली होती. "दोगांका जागा आसा, येवा," म्हणाल्या. तीन रात्री आम्ही त्यांच्या झोपडीत राहिलो. आमच्या शाळा हद्दीबाहेरच्या, त्यामुळे सकाळी झोपडीतून शाळेत जायचो आणि संध्याकाळी परत. थंडी होती, शेकोट्या होत्या, भजनं होती, आणि रोज कुणाच्या ना कुणाच्या चुलीवरचं जेवण. गाव सोडताना घरांना लोक नुसती कडी लावून जातात, हे मी स्वतः पाहिलं. आमच्या घराचं दारही आम्ही तसंच सोडून गेलो.

गेल्या वर्षी नांदेडच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं. ती जाताना तिच्या हिश्शाचे पंधरा हजार मालकांनी तिला परत द्यायचे होते. कागदात लिहिल्याप्रमाणे तिने दोन महिने आधी कळवलं. मालकांनी दोन हप्त्यांत तिला पैसे परत केले, पूर्ण. मला त्या कागदाचं मोल तेव्हा कळलं, आणि मालकांचंही. तिच्या जागी आलेल्या नव्या बाईंचं डिपॉझिट किती आणि कधी, यावर मालक आणि मी फोनवर बोललो. ते म्हणाले, दोन महिन्यांचं पुरे, आणि पगार झाल्यावर द्यायला सांगा. छप्पर आता शाकारलेलं आहे.

हे लिहायचं कारण एवढंच की दरवेळी भरती होते तेव्हा अशी माणसं बाहेरून येतात. शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतली पोरं. स्थानिक मुलांना आधी नोकऱ्या मिळाव्यात हे इथल्या डी.एड. झालेल्यांचं म्हणणं मला समजतं, माझ्या जिल्ह्यातही मी तेच म्हटलं असतं. पण जो रुजू झाला आहे त्याला राहायला जागा लागते, आणि ती त्याला पहिल्या पगाराच्या आधी लागते. तुम्ही मुंबईत असाल आणि आचऱ्याला, चिंदरला, वायंगणीला, मुणग्याला तुमचं घर कुलपात असेल, तर त्याची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना एक फोन करा. डिपॉझिट दोन महिन्यांचं घ्या, पहिला पगार झाल्यावर घ्या, आणि पावती द्या. चतुर्थीची अट जरूर घाला, आम्ही पाळतो. शिक्षकांच्या पतपेढ्यांनी नव्या सभासदाला नियुक्ती आदेशावर दहा हजारांपर्यंत बिनव्याजी उचल दिली, तर ते पैसे बुडणार नाहीत; पगार उशिरा होतो, बुडत नाही.

आणि आचऱ्याच्या आसपास नव्याने रुजू होणारी कुणी बाई हे वाचत असेल तर, आमच्या घरात तिसरी खोली अजून रिकामी आहे. भाडं दीड हजार, विजेचं बिल वाटून, डिपॉझिट पगार झाल्यावर.